पाणी कुर्ल्यात, पाप कोणाचे?

१९ ऑगस्ट २०२५ रोजी मिठी नदीची पातळी ३.९ मीटरपर्यंत चढली आणि कुर्ल्याच्या क्रांतिनगरातून शेकडो माणसे हाताला सापडेल ते घेऊन बाहेर पडली. कोणाच्या काखेत मूल, कोणाच्या डोक्यावर गाठोडे. यात नवल वाटावे असे आता काही उरलेले नाही. २ जुलै २०१९ रोजी याच वस्तीत नौदलाची पथके उतरवावी लागली होती आणि सुमारे हजारभर रहिवाशांना हलवावे लागले होते. त्याआधीचा २६ जुलै २००५ तर कोणी विसरणे शक्यच नाही. नदी तीच, वस्ती तीच, घरांत शिरणारे पाणीही तेच. मंत्रालयातील आणि महापालिकेतील खुर्च्यांवरची माणसे मात्र प्रत्येक वेळी वेगळी होती.

पाणी ओसरले की महामुंबईत दोन गोष्टी हमखास घडतात. पहिली म्हणजे ‘मुंबई स्पिरिट’चे स्तोत्र. लोकलगाड्या सुरू झाल्या, कचेऱ्या भरल्या, म्हणजे महानगर पुन्हा उभे राहिले असे जाहीर होते. ज्याला दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाही तर चूल पेटत नाही, त्याच्या नाइलाजाला पराक्रम म्हणण्याची ही रीत मोठी सोयीची आहे. दुसरी गोष्ट घडते ती दिवाणखान्यांत. ‘या झोपडपट्ट्यांनीच नदी गिळली, भोगा आता’ हे वाक्य सुशिक्षित, सज्जन, करभरणाऱ्या घरांतूनही किती सहजपणे उच्चारले जाते! पहिल्या स्तोत्राने राज्यकर्ते सुटतात, दुसऱ्या वाक्याने आपली सदसद्विवेकबुद्धी सुटते. दोन्हींचा समाचार घेणे आवश्यक आहे.

आभाळ फाटले, पण ठिगळ होते

२००५ च्या प्रलयानंतर सरकारी गोटातून जे पहिले समर्थन पुढे आले ते निसर्गाचे. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याच दिवशी कुलाब्यात तो अवघा सत्तरच्या घरात होता. आभाळच फाटले तर ठिगळ कोठे लावायचे, असा तो युक्तिवाद. त्या दिवशी दुपारी समुद्राला मोठी भरती होती, हेही खरे. असा पाऊस जगातील कोणत्याही शहराला जेरीस आणेल, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु ठिगळ आधीच शिवून तयार होते, हे मात्र सांगितले जात नाही. जून १९८५ मध्ये मुंबई अशीच पाण्याखाली गेली होती. त्यानंतर महापालिकेने सल्लागार नेमले, शहरातील पर्जन्यजल वाहिन्यांचा अभ्यास करविला आणि १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ या बोजड नावाचा अहवाल हाती आला. त्यात सांगितलेले दुखणे शाळकरी मुलालाही समजावे इतके सरळ होते. जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेल्या, आणि तोही निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे गृहीत धरून. ती मुरण्याची जमीन कोठे राहिली होती? मैदानांवर इमारती, अंगणांवर फरशी, नाल्यांवर गाळे. अहवालाने क्षमता ताशी ५० मिलिमीटर करण्यास आणि सगळेच्या सगळे पाणी वाहिन्यांत येणार असे धरून चालण्यास सांगितले. त्या वेळचा खर्चाचा अंदाज ६१६ कोटी रुपयांचा होता. अहवाल कपाटात गेला. ९४४ मिलिमीटर पाऊस चोवीस तासांत अगदी समप्रमाणात पडला असता तरी तो ताशी ३९ मिलिमीटर होतो. अर्थात तो समप्रमाणात पडला नाही, दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला. पण समप्रमाणात पडला असता तरीही जुन्या वाहिन्यांना तो पेलवला नसता, हे १९९३ पासून ठाऊक होते.

मुंबईत चारशेहून अधिक माणसे बुडून, दरडीखाली आणि गाड्यांत गुदमरून गेली. साकीनाक्याला टेकडी घरांवर आली. पाठोपाठ लेप्टोस्पायरोसिसने आणखी बळी घेतले. त्यानंतर केंद्राने २००७ मध्ये त्याच योजनेसाठी सुमारे १,२०० कोटी रुपये मंजूर केले. चौदा वर्षांत किंमत दुपटीच्या घरात गेली. त्याचा व्याजासकट हप्ता कोणी भरला, हे साकीनाक्याला आणि कुर्ल्याला विचारावे.

शासनाने सत्यशोधन समिती नेमली ती डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली. पाण्याच्या क्षेत्रातील या कर्तबगार मराठी माणसाला १९९३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी तो अहवाल धूळ खाऊ लागला त्याच वर्षी, स्टॉकहोमचा जागतिक जल पुरस्कार मिळाला होता. चितळे समितीने एकेका पाणलोटाचा वेगळा विचार करण्यास, पाऊस ठिकठिकाणी मोजण्यास आणि नाल्यांच्या काठांना हात न लावण्यास सांगितले. मोजण्याच्या सूचना बऱ्याच अंशी अमलात आल्या. आज कोणत्या विभागात किती पाऊस झाला, ते पंधरा मिनिटांत कळते. मोजल्यानंतर करायचे काय, येथे मात्र घोडे अडले.

नदी कोणी गिळली?

आता दिवाणखान्यातल्या वाक्याकडे वळू. मिठी ही विहार आणि पवई या दोन तलावांच्या सांडव्याच्या पाण्यावर वाहणारी, पवई, मरोळ, साकीनाका, कुर्ला, कालिना, धारावी असा सुमारे अठरा किलोमीटरचा प्रवास करून माहीमच्या खाडीला मिळणारी नदी. विहार तलाव १८६० च्या सुमाराचा, पवईचा तलाव त्यानंतर तीसेक वर्षांनी बांधलेला. महानगराची तहान भागविण्यासाठी तिचा उगमच अडविला गेला. पावसाळ्यात तलाव भरून वाहू लागले की जे पाणी उरे, तेवढेच तिच्या वाट्याला. यात वाईट काही नव्हते, पण नदीकडे नाला म्हणून पाहण्याची सवय येथून लागली.

पुढे विमानतळ वाढला आणि धावपट्टी नदीच्या डोक्यावरून गेली. जी नदी मोकळी वाहत होती तिला धावपट्टीच्या पोटातील बोगद्यांतून, काटकोनात वळणे घेत पुढे सरकणे भाग पडले. वाहत्या पाण्याला काटकोनात वळविले तर ते कोपऱ्यावर तुंबणार आणि मागे फुगणार, हे सांगण्यास अभियंत्याची गरज नाही. शेतातला पाट सांभाळणाराही सांगेल. क्रांतिनगर आणि संदेशनगर या वस्त्या नेमक्या याच विमानतळाच्या कुंपणाला लागून, फुगवट्याच्या तोंडावर आहेत.

त्याखालोखाल वांद्रे-कुर्ला संकुल. खाडीकाठची ही विस्तीर्ण दलदल म्हणजे नदीचे पसरण्याचे अंगण होते. पूर आला की पाणी येथे पसरावे, तिवरांच्या मुळांत थांबावे, ओहोटीला समुद्रात जावे, अशी निसर्गाची व्यवस्था होती. १९७७ नंतर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या देखरेखीखाली तेथे भराव पडला. आज तेथे बँकांची मुख्यालये, शेअर बाजार, हिरे बाजार, वकिलाती, तारांकित उपाहारगृहे आहेत. देशाच्या अर्थव्यवस्थेला त्यांची गरज आहे, हे कोण नाकारील? पण हा भराव रात्रीच्या अंधारात ठेल्यांवरून माती आणून कोणी झोपडीवाल्याने केलेला नाही. तो नकाशे काढून, निविदा मागवून, शासनाच्या मुद्रेनिशी झाला. नदीच्या मुखाशी, वांद्र्याच्या टोकाला, सागरी सेतूच्या जोडरस्त्यासाठी समुद्रात पडलेला भरावही असाच रीतसर होता.

मिठीकाठच्या झोपड्या, भंगाराची गोदामे, तेलाच्या पिंपांचे कारखाने, गुरांचे तबेले यांनी नदीचे गटार केले, हेही तितकेच सत्य आहे. त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. प्लास्टिकची पोती नदीत लोटणारे हात कोणाचे होते, हे पाण्याने वेळोवेळी परत आणून दाखविले आहे. परंतु ज्याने पात्र अरुंद केले त्याला ‘विकासक’ म्हणायचे आणि त्या अरुंद पात्राच्या काठाशी, दुसरीकडे भाडे परवडत नाही म्हणून, दहा बाय बारामध्ये राहणाऱ्याला ‘अतिक्रमक’ म्हणायचे, हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच प्रकार झाला. २६ जुलैला पाण्याने हा भेद केला नव्हता. कालिन्याच्या एअर इंडिया वसाहतीतही तळमजले बुडाले होते, चांगल्या पगाराची कुटुंबे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे रात्र काढत होती. भेद सुरू झाला तो पाणी ओसरल्यावर.

कोणाच्या दारी पंप

१९ ऑगस्ट २००५ रोजी मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. नदीचा वरचा भाग महापालिकेकडे, खालचा महानगर प्रदेश प्राधिकरणाकडे. एका नदीचे दोन मालक झाले, आणि दोघांच्या हद्दीवरचा गाळ कोणाचा हा वाद कसा मिटतो ते ज्याचे त्याला ठाऊक. पात्र रुंद झाले, खोल झाले, हजारो बांधकामे हटली, काठांना संरक्षक भिंती आल्या. दोन दशकांत हजार कोटी रुपयांच्या वर खर्च या एका नदीवर झाला आहे. फरक पडला नाही असे म्हणता येणार नाही. पण भिंतीची एक गोम आहे. ती नदीला बाहेर ठेवते, तशीच वस्तीत पडलेल्या पावसाला आत कोंडते. भिंतीत पुरेशा झडपा नसतील, किंवा झडपा आहेत पण भरतीमुळे उघडता येत नाहीत आणि पाणी उपसायला पंपही नाही, तर भिंतीआडची वस्ती हौद होते.

म्हणूनच पंपांचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ‘ब्रिमस्टोवॅड’मध्ये समुद्रात पाणी फेकणारी आठ उदंचन केंद्रे सांगितली होती. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलंड बंदर, ब्रिटानिया आणि गझधरबंध ही सहा उभी राहिली. माहुल आणि मोगरा ही दोन मात्र वीस पावसाळे उलटले तरी उभी राहिलेली नव्हती. माहुलच्या केंद्राला जागाच मिळेना, कारण जमीन मिठागरांची आणि तिच्या फाइली दिल्लीपासून मुंबईपर्यंत फिरणाऱ्या. या एका केंद्राअभावी कुर्ला, चुनाभट्टी, शीव, किंग्ज सर्कलचा गांधी मार्केट हा सारा पट्टा भरतीच्या वेळी ओहोटीची वाट पाहत बसतो. मध्य रेल्वेच्या प्रवाशांना हे वेगळे सांगायला नको, रुळांवर पाणी भरण्याची त्यांची ठरलेली ठिकाणे याच पट्ट्यात आहेत. हिंदमाताच्या बशीसारख्या खोलगट चौकासाठी २०२१ मध्ये उद्यानाखाली आणि मैदानाखाली पाणी साठविण्याच्या भूमिगत टाक्या बांधल्या गेल्या. चांगलेच झाले. दादर-परळच्या माणसाला दिलासा मिळाला याचे दुःख कोणाला असणार? पण इच्छा झाली की जागाही सापडते आणि पैसाही सापडतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

आणि पैसा खरोखरच गाळ काढण्यात गेला का? मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठीच्या गाळाच्या कामात सुमारे ६५ कोटी रुपयांच्या अपहाराचा गुन्हा नोंदविला. त्यात कंत्राटदार, दलाल आणि महापालिकेचे अधिकारीही आरोपी आहेत. गाळ ज्या जागांवर नेऊन टाकल्याचे दाखविले, तेथील करारपत्रेच बनावट असल्याचा आरोप आहे. न्यायालयात काय सिद्ध व्हायचे ते होईल. पण गाळ हा असा माल आहे की तो काढला की नाही हे पावसाळा संपल्यावर कोणालाच सांगता येत नाही, ‘नवा वाहून आला’ एवढे उत्तर पुरते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढचे चार पावसाळे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ज्या नगरसेवकाच्या घरावर रात्री-अपरात्री मोर्चा नेता येत असे, तोही कागदोपत्री माजी झाला होता. जाब विचारायचा तर कोणाला?

क्रांतिनगरासारख्या वस्तीतील घराचा संसार एकदा डोळ्यांसमोर आणून पाहावा. दर काही वर्षांनी उंबरठा एक वीट वर चढतो. ज्याला परवडते तो जोता उंच करतो, आणि त्याच्या दारातले पाणी ज्याला परवडले नाही त्याच्या घरात जाते. शीतकपाट विटांवर, गव्हा-तांदळाचे डबे फळीवर, शिधापत्रिका, आधारपत्र आणि मुलांचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोटमाळ्याच्या तुळईला बांधलेले. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरातली एक तरी व्यक्ती भरतीच्या वेळा पाठ करून असते. पाणी चढू लागले की म्हातारी माणसे आधी, मग सिलिंडर, मग शिलाई यंत्र. घरकामाला जाणाऱ्या बाईचे दोन दिवस बुडाले की एखाद्या घरचे काम सुटते. रिक्षाच्या इंजिनात पाणी गेले की आठवडाभराची कमाई गॅरेजवाल्याची. मग पंचनामा. तलाठी येतो तो कागदावरच्या मालकाचे नाव लिहून नेतो. भाड्याने राहणाऱ्याची, म्हणजे अशा वस्तीतील कित्येकांची, भिजलेली गादी सरकारच्या लेखी भिजलेलीच नसते. ज्याची मोटारगाडी वाहून गेली त्याला विमा कंपनीकडे जाता आले. ज्याची चूल वाहून गेली त्याने सावकार गाठला.

या माणसांची आठवण राजकारण्यांना होत नाही असे कोण म्हणतो? दर निवडणुकीला होते. झोपड्यांना संरक्षण देणारी मुदत आधी १ जानेवारी १९९५ होती, ती १ जानेवारी २००० झाली, पुढे २०११ पर्यंतच्यांना सशुल्क घर देण्याचे ठरले. तारखा पुढे सरकल्या, पण त्या साऱ्या व्यवस्थेत एक साधा प्रश्न कोणी घातला नाही: हे घर पूररेषेच्या आत आहे की बाहेर? सांगली-कोल्हापुरातल्या माणसाला निळी रेषा आणि लाल रेषा म्हणजे काय ते पंचगंगेने आणि कृष्णेने शिकविले आहे. मुंबईच्या मिठीकाठी राहणाऱ्याला आपली झोपडी कोणत्या रेषेत येते, ते वस्तीच्या वेशीवर लावलेल्या मराठी फलकावर वाचायला मिळत नाही. मतदारयादीत नाव असले की पुरे, ते घर पाण्यात आहे की कोरड्यात याची नोंद कशाला? अनधिकृत मजले चढू द्यायचे, नळ द्यायचा, विजेचे मीटर द्यायचे, आणि पूर आला की ‘अतिक्रमण’ म्हणून हात झटकायचे. याला दया म्हणत नाहीत. माणसांना ओलीस ठेवणे म्हणतात.

दुसरीकडे परिसंवादांचे जग आहे. तेथे अलीकडे ‘रेझिलिअन्स’ हा शब्द जोरात आहे. आघात सोसून पुन्हा उभे राहण्याची क्षमता, असा त्याचा अर्थ. वातानुकूलित सभागृहांत त्यावर सरकचित्रे दाखविली जातात, परदेशी निधीचे प्रकल्प लिहिले जातात आणि वस्तीतल्या बायकांना व्यासपीठावर बोलावून त्यांच्या सोशिकतेला टाळ्या दिल्या जातात. मार्च २०२२ मध्ये मुंबईचा वातावरण कृती आराखडाही प्रसिद्ध झाला. त्यात पुराचा धोका असलेल्या वस्त्यांचा विचार आहे, तो स्वागतार्ह आहे. पण त्याच सुमारास शहरातील शेकडो किलोमीटर रस्त्यांचे काँक्रिटीकरण हाती घेतले गेले आणि जी काही माती पाणी पीत होती तीही झाकली गेली. आराखडा एका हाताने लिहायचा आणि दुसऱ्या हाताने पुसायचा, ही कोणती क्षमता? आणि मुळात सोसण्याची क्षमता वाढवावी ती वस्तीनेच का? ज्यांनी पाणी त्यांच्याकडे वळविले त्यांनी ते परत वळविण्याची क्षमता का दाखवू नये?

कुर्ल्याची रिकामी घरे, माहुलची हवा

नदीकाठ मोकळा झाला पाहिजे, यावर कोणाचे दुमत नाही. प्रश्न माणसे कोठे न्यायची हा आहे, आणि या प्रश्नाचे जे उत्तर मुंबईने दिले ते महानगराला लाज आणणारे आहे.

विमानतळाच्या भूमीवरील झोपड्यांच्या पुनर्वसनासाठी २००७ मध्ये एका विकासकाशी करार झाला. कुर्ल्यातच, जुन्या प्रीमियर मोटार कारखान्याच्या आवारात, हजारो घरे बांधली गेली. २०१३ मध्ये करार मोडला. घरे तयार, माणसे जवळच पाण्यात, आणि मधे कोर्टकज्जे व पात्रतेच्या याद्या. ही घरे वर्षानुवर्षे कबुतरांनी वापरली. मंत्री येत, क्रांतिनगर तिकडे हलविण्याची ग्वाही देत, जात. त्या ग्वाहीचे काय झाले ते ऑगस्ट २०२५ मध्ये शाळेत बसलेल्या माणसांनी सांगितले.

याउलट जी घरे देण्याची प्रशासनाला घाई झाली ती माहुलची. तानसा जलवाहिनीलगतच्या आणि प्रकल्पांत हटविलेल्या झोपड्यांतील कुटुंबांना तेथे धाडले गेले. ७२ इमारती, सतरा हजारांवर घरे, आणि उशाला तेलशुद्धीकरणाचे कारखाने व रसायनांच्या टाक्या. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच माहुल-आंबापाड्याच्या रहिवाशांच्या आरोग्याला तेथील हवेपासून धोका असल्याचे म्हटले होते. तरीही बिऱ्हाडे येत राहिली. पाण्याच्या भीतीतून सुटलेली माणसे श्वासाच्या भीतीत आली. खोकला, दमा, त्वचेचे विकार, आणि जुन्या कामाच्या जागेपासून तास-दीड तासाचा प्रवास. विस्थापितांनी महिनोन्‌महिने रस्त्यावर बसून आंदोलन केले. अखेर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणखी कोणाला तेथे पाठवू नका, पर्यायी घर देता येत नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडे द्या, असे बजावले. जे प्रशासनाला दिसायला हवे होते ते न्यायमूर्तींना सांगावे लागले.

यापुढचा प्रकार विनोदी आहे, पण हसू येत नाही. माहुलमधली रिकामी घरे पडून राहिली, तेव्हा २०२५ मध्ये महापालिकेने ती आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली. ९,०९८ घरे, किंमत प्रत्येकी १२ लाख ६० हजार रुपये. मुंबईत या दरात घर म्हणजे लॉटरीच. पण कर्मचाऱ्यांचा प्रतिसाद इतका तोकडा आला की अर्जांची मुदत वाढवावी लागली. महापालिकेच्या चतुर्थ श्रेणी कामगाराला जे घर स्वस्तातही नको, ते घर नदीकाठच्या माणसाला ‘पुनर्वसन’ म्हणून देऊ केले होते, आणि त्याने नाकारले तेव्हा त्याला हटवादी ठरविले होते.

पुराच्या वेळी धावून जाणारे हात या महाराष्ट्रात कधीच कमी पडले नाहीत. २००५ च्या त्या रात्री खिचडीची पातेली चढली, गुडघाभर पाण्यात बिस्किटांचे पुडे पोहोचले, अनोळखी माणसांना घराघरांतून आसरा मिळाला. २०१९ च्या सांगलीत आणि २०२१ च्या चिपळुणातही तेच झाले. सेवेच्या या परंपरेबद्दल अभिमान बाळगावा तेवढा थोडा. पण दर वर्षी त्याच गल्लीत, त्याच घरांना, त्याच चादरी वाटाव्या लागत असतील, तर वाटणाऱ्याने एकदा तरी थांबून विचारले पाहिजे की या चादरी पुन्हा का लागतात. मदतीचा ट्रक ऑगस्टमध्ये लागतो. प्रश्न मे महिन्यात विचारायचे असतात, आणि मे महिन्यात सगळे सुटीला गावी गेलेले असतात.

कुर्ल्याचे ‘एल’ विभाग कार्यालय काही दूर नाही. तेथे मेच्या पहिल्या आठवड्यात गेलेल्या दहा-वीस सुजाण नागरिकांना माहिती अधिकाराचा साधा अर्ज पुरे आहे. मिठीतून या वर्षी किती गाळ निघाला, गाड्या कोणत्या वजनकाट्यावर तोलल्या आणि गाळ कोणाच्या जमिनीवर पडला. संरक्षक भिंतीच्या झडपा किती, त्यांतल्या चालू किती, पंप कोणत्या तारखेला बसणार. माहुलच्या उदंचन केंद्राचे काम कोठवर आले. प्रीमियरच्या आवारातील किती घरे आजही रिकामी आहेत, आणि क्रांतिनगर व संदेशनगरच्या पात्र यादीतील किती कुटुंबे किल्ली घेऊन तेथे राहायला गेली. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. म्हणजे ते पावसाच्या आधीच्या शेवटच्या दिवसांत हाती येईल.